तीन पायऱ्या खालची बैठक

ही गोष्ट माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. आणि तिच्यातला शेवटचा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

ताईने लिहायची परवानगी दिली, पण एका अटीवर. "जे झालं तेवढंच सांग. कारण लावत बसू नकोस. मी लावून थकले."

आधीच सांगते, यात मध्यरात्र नाही. वादळ नाही. दिवे गेले नव्हते.

रविवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन.

ताई कान तपासते. काचेच्या बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून, 'आवाज आला की बटण दाबा' असं सांगणारी बाई असते ना, ती माझी ताई. बावीस वर्षं हेच काम. कुणाला खरंच ऐकू येत नाही आणि कोण सोंग करतंय, हे ती दोन मिनिटांत ओळखते. भास वगैरे शब्द तिच्यापुढे काढायची सोय नाही.

भाऊजी जुनं फर्निचर दुरुस्त करतात. मोडक्या खुर्चीकडे ते अशा मायेने बघतात की आम्ही ताईला चिडवतो, तुझा एखादा पाय मोडला तरच तुझ्याकडे लक्ष जाईल म्हणून.

अशा माणसाला ते घर दिसलं आणि सगळं संपलं.

पन्नास वर्षांपूर्वी एका इंजिनियरने स्वतःसाठी बांधलेलं घर. तेव्हापासून कुणी एक खिळा हलवला नव्हता. बाथरूम शेवाळी हिरवं, टबापासून साबणाच्या खाचेपर्यंत. दारातून आत शिरलं की एक अख्खी भिंत बुचाच्या लाकडाची, बोटाने दाबली तर दबणारी. छताला लोंबणारा नारिंगी दिवा, भल्यामोठ्या अळंबीसारखा. आणि स्वयंपाकघराच्या कडेला मधाच्या रंगाची, उभ्या रेघांची काच, जमिनीपासून छतापर्यंत. दुपारी तिच्यातून ऊन आलं की सगळी फरशी सोनेरी व्हायची.

घर दाखवणारा एजंट सारखा माफी मागत होता. "हे सगळं उपटून टाकता येईल, साहेब. आठवड्याचं काम."

भाऊजींनी त्याचा दंड धरला. "एका गोष्टीला हात लावायचा नाही."

राहायला गेल्यावर गंमत कळली. खिडक्या उघडल्या तर लागायच्या नाहीत आणि लागल्या तर उघडायच्या नाहीत. नळाचे वॉशर कुठल्याच दुकानात मिळेनात. एक बटण दाबलं की दोन खोल्यांचे दिवे लागायचे, त्याच्या शेजारच्या बटणाने काहीच व्हायचं नाही. मी बाथरूम बघून म्हणाले, "ताई, इथे बेडूक सुखाने नांदेल." भाऊजी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

पण खरी गोष्ट हॉलमध्ये होती.

हॉलच्या मधोमध जमीन खाली गेलेली. चौकोनी खोलगट जागा. उतरायला तीन पायऱ्या. तिन्ही बाजूंना भिंतीतच बांधलेले सोफे, त्यांच्यावर तपकिरी गाद्या, आणि खाली पाऊल रुतेल असा गालिचा. जुन्या काळी अशा बैठकींची फॅशन होती म्हणे.

ताई तिला 'विहीर' म्हणायची. आधी तिला ती मुळीच आवडली नव्हती. पाहुणा धडपडायचा एखाद्या दिवशी, म्हणायची.

मग एका संध्याकाळी दवाखान्यातून दमून आली आणि सहज खाली जाऊन बसली.

आणि सगळं शांत झालं.

फ्रिजची घरघर गेली. रस्त्यावरच्या गाड्या गेल्या. भाऊजी मागच्या खोलीत लाकूड घासत होते, तो आवाज गेला. दिवसभर कानात किर्र करणारं सगळं... कुणी बोळा कोंबावा तसं बंद.

"काय सुख होतं म्हणून सांगू," ताई मला म्हणाली होती. "घेतलं ते बरं झालं हे घर."

त्यानंतर ती रोज तिथे बसू लागली. पुस्तक घेऊन, कॉफी घेऊन. भाऊजी खूश. घरातल्या एका तरी जुन्या वस्तूशी बायकोची गट्टी जमली होती.

पण बावीस वर्षांची सवय. एक दिवस तिने दवाखान्यातून आवाज मोजायचं यंत्र आणलं. एवढी शांतता नक्की किती, ते बघायला.

वर हॉलमध्ये आकडा आला अडतीस.

ती तीन पायऱ्या उतरली. फ्रिज थांबला. रस्ता थांबला. तिने यंत्राकडे पाहिलं.

अडतीस.

तिने यंत्र झटकलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. आकडा तोच.

म्हणजे आवाज तिथे होता. यंत्राला ऐकू येत होता.

तिला येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने सहकारी बाईंकडून स्वतःचे कान तपासून घेतले. उत्तम. विशीतल्या मुलीचे असावेत असे. तिने यंत्रच बिघडलंय असं ठरवलं आणि विषय सोडून दिला.

मग तो रविवार.

जेवण झालेलं. ताई पुस्तक घेऊन खाली बसलेली, स्वयंपाकघराकडे पाठ करून. भाऊजी स्टुलावर चढून ती मधाच्या रंगाची काच पुसत होते. उन्हात चांगली दिसते म्हणून मुद्दाम दुपारी.

सव्वातीनला ताईला एक आवाज आला. अगदी बारीक... कपाला चमचा लागावा तेवढा.

तिने मान न उचलता विचारलं, "अहो, काय झालं?"

"काही नाही गं. तू बस."

भाऊजींचाच आवाज. नेहमीचा, जरा लांबवून बोललेला.

ती वाचत राहिली.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. कॉफीची तल्लफ आली. तिने पुन्हा आवाज दिला. "तुम्हाला पण कॉफी टाकू का?"

"काही नाही गं. तू बस."

ताईने पुस्तक मिटलं.

कॉफी टाकू का, याचं हे उत्तर नव्हे.

आणि दुसरी गोष्ट तिच्याच कानाला कळली असती. कान तपासताना ती रेकॉर्ड केलेले शब्द ऐकवते. तेच शब्द, त्याच आवाजात, दिवसाला पन्नास वेळा. जिवंत माणूस एकच वाक्य दोनदा हुबेहूब सारखं बोलत नाही. कुठेतरी श्वास बदलतो, कुठेतरी जोर बदलतो.

या दोन वाक्यांत तसूभरही फरक नव्हता.

ती उठली. पहिली पायरी. दुसरी.

तिसरी चढून तिने हॉलच्या जमिनीवर पाऊल ठेवलं... आणि आवाज तिच्या अंगावर कोसळला.

भाऊजी ओरडत होते. घसा पार बसेपर्यंत ओरडत होते.

स्टूल सरकलं होतं आणि ते काचेतून आरपार गेले होते. आताच्या काचेचा फुटल्यावर भुगा होतो. त्या काळच्या काचेच्या सुऱ्या होतात. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा. घोटा मोडलेला. उजव्या हाताने पुसायचं फडकं जखमेवर दाबून ते पडले होते आणि फडक्याचा रंग ओळखू येत नव्हता.

ताईने त्यांचा हात वर धरला, पट्ट्याने आवळला, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर आम्ही काही करू शकलो नसतो.

मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा रात्र व्हायची होती. भाऊजी शुद्धीवर होते. ताई त्यांच्या उशाशी बसून तेच तेच बोलत होती.

"मला ऐकूच आलं नाही हो. मी विचारलं, तर तुम्हीच म्हणालात, काही नाही."

"मी?" भाऊजी हळूच म्हणाले. "मी कशाला म्हणेन?"

मग त्यांनी ताईकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. चीड नव्हती तिच्यात. भीती होती.

"मी सरपटत दारापर्यंत गेलो असतो," ते म्हणाले. "शेजाऱ्यांना हाक मारली असती. पण तू उत्तर देत होतीस."

"कसलं उत्तर?"

"प्रत्येक हाकेला म्हणत होतीस... आले. मी ओरडलो, की आले. परत ओरडलो, की आले. म्हणून मी थांबलो."

ताईने तोंडावर हात ठेवला.

वीस मिनिटांत ती एकदाही 'आले' म्हणाली नव्हती.

काच साफ करायला आणि कपडे आणायला दुसऱ्या दिवशी मी ताईबरोबर घरी गेले. शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्या होत्या. चाळीस वर्षं तिथेच राहिलेल्या. भाऊजींची चौकशी केली. ताईने पडल्याचं सांगितलं, बाकी काही नाही. मग एकदम विचारलं, "काकू, आधीचे इंजिनियरसाहेब त्या खालच्या बैठकीत बसायचे का?"

काकूंचा चेहरा बदलला.

"बायको जाईपर्यंत बसायचे. नंतर कधी पाय ठेवला नाही."

"कशाने गेल्या त्या?"

"वर बाथरूममध्ये पडल्या. साहेब खाली बैठकीत पेपर वाचत होते. तासाभराने वर गेले, तोवर..." काकू थांबल्या. "भला माणूस हो. शेवटपर्यंत सगळ्यांना एकच सांगायचे. मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, काही नाही, तुम्ही बसा. आम्हाला वाटायचं, मनाची समजूत घालतायत बिचारे."

माझ्या हातातली पिशवी घसरली.

ताई मात्र विचार करत होती. घरात शिरल्यावर म्हणाली, "म्हणजे ती त्या बाईची भानगड नाही. ती तर तेव्हा जिवंत होती. वर पडलेली होती."

"मग?"

"मग खाली उत्तर कोण देत होतं?"

आम्ही दोघी हॉलच्या कडेकडेने, भिंतीला धरून बाहेर पडलो.

बैठक बुजवायची असं भाऊजींनीच ठरवलं. एका गोष्टीला हात लावायचा नाही म्हणणारा माणूस हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाला, "मी घरी यायच्या आत ती जागा सपाट झालेली हवी."

गवंडी ओळखीचा होता. एरवी त्याची टकळी बंद होत नाही. पहिल्या दिवशी त्याने सोफे उखडले, गालिचा गुंडाळला, गाण्याच्या लकेरी घेत निम्मा राडारोडा भरला. दुसऱ्या दिवशी ताईला कामावर जावं लागलं, म्हणून देखरेखीला मी थांबले.

अकराच्या सुमारास मी दारात उभी होते. गवंडी खाली उतरून विटांचे तुकडे सारखे करत होता. एकदम त्याने हात थांबवला. मान वळवून म्हणाला, "बरं, ताई."

फावडं भिंतीला टेकवलं आणि तो खालीच बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांब म्हणाल्या ना."

"कोण?"

"ताई. आत्ता बोलल्या की."

"ताई दवाखान्यात आहे," मी म्हणाले. "सकाळपासून."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग फावडं उचलून वर आला. पुन्हा खाली उतरला नाही. उरलेलं सगळं त्याने वरून ओतलं, घमेल्यामागून घमेलं, तोंड न उघडता.

शेवटी थोडाच कोपरा राहिला होता. भरलेलं घमेलं उचलून तो कडेला गेला... आणि तसाच उभा राहिला.

मान एका बाजूला झुकलेली. कुणी खालून काहीतरी सांगतंय आणि आपण ऐकून घेतोय, तसा.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. माझ्याजवळ कुठलंही यंत्र नव्हतं.

मिनिटभर तरी गेलं असेल. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग त्याने डोळे मिटले आणि घमेलं रिकामं केलं.

त्याला वर्ष झालं. तिथे आता फरशी आहे, फरशीवर जेवायचं टेबल. भाऊजींच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, पण ते काम करतात. बाकीचं घर तसंच जुनं आहे. येणारा प्रत्येक जण नारिंगी दिव्याचं आणि बुचाच्या भिंतीचं कौतुक करतो.

एक मात्र बदललं. त्या घरात आता कुणी दुसऱ्या खोलीतून उत्तर देत नाही. हाक आली की उठायचं, समोर जायचं, तोंड दाखवायचं. मग बोलायचं. मीही माझ्या घरी तेच करायला लागले आहे. मुलं हसतात.

गेल्या महिन्यात तोच गवंडी माझ्याकडे ओट्याच्या कामाला आला होता. दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"त्या दिवशी, शेवटचं घमेलं ओतताना... काय ऐकलंत तुम्ही?"

तो पाठमोरा होता. थापी फिरवायचा थांबला. हळूच वळला.

"काही नाही, बाई," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते.

त्याचे ओठ हलले होते. मला तरी तसंच वाटलं.