सही नसलेलं कार्ड

"अंजलीताई, सही कुठे गेली?"

धम्मपालच्या हातात प्लॅस्टिकची उघडी केस होती. अंजलीने त्यातलं क्रिकेटचं कार्ड उचललं. पुढे पॅड बांधून उभा असलेला तरुण यष्टिरक्षक, म्हणजे धम्मपालचे वडील झुंबरराव. मागे छापील माहिती. बाकी काही नाही.

गेल्याच महिन्यात झुंबररावांनी कार्डाच्या मागे कशीबशी सही केली होती. ती अंजलीला दाखवायला म्हणून धम्मपालने आत्ता केसचे स्क्रू काढले. एरवी केसच्या मागे काळा कागद असल्यामुळे कुणाला पत्ताही लागला नसता.

गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये स्पोर्ट्स कार्डांचं प्रदर्शन भरलं होतं. लोक अल्बम चाळत होते, अदलाबदलीची घासाघीस चालली होती. अंजली कोर्टात स्टेनो. हॉकीची कार्डं जमवायची आणि असं एकही प्रदर्शन सोडायची नाही. आज मात्र तिला दुसऱ्या कशातच रस उरला नाही.

झुंबरराव सातपूरच्या एका कामगार संघातून खेळायचे. संघाने जिल्हा स्पर्धा जिंकली, तेव्हा एका गोड गोळ्यांच्या कंपनीने अकरा खेळाडूंची कार्डं छापून पाकिटांत घातली होती. झुंबररावांचं हे एवढंच कार्ड आजवर कुणाच्या पाहण्यात आलं होतं. आता त्यांना घरातली माणसंही नीट ओळखू येत नव्हती. हे कार्ड हातात दिलं की मात्र चेहरा उजळायचा. आज पिंकी, धम्मपालची बहीण, त्यांना इथे घेऊन येणार होती.

"पिंकी निघालीसुद्धा," धम्मपाल म्हणाला. "त्यांच्या हातात काय देऊ मी?"

अंजलीने भिंग लावलं. कार्डाच्या मागे एक कोपरा दुमडलेला दिसत होता. बोट फिरवलं तर कोपरा सपाट. दुमड नुसती छापलेली होती.

"खऱ्या कार्डाचा कोपरा दुमडलाय?"

"हो. मिळालं तेव्हापासून."

"टेबल सोडून कुठे गेला होतात?"

"फाटकापर्यंत, रिक्षा कुठे थांबेल ते बघायला. दोन्ही बाजूच्या टेबलवाल्यांना लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

डावीकडे विंचूरचा गोरक्ष बसला होता. केस विकायचा, कार्डंही विकायचा. धम्मपालचं कार्ड त्याने कितीदा मागितलं होतं.

"गोरक्षभाऊ, ही केस तुमच्याकडचीच ना?"

"हॉलमधली निम्मी पब्लिक माझ्याकडूनच केस नेती, ताई."

"म्हणजे केससकट बदलणं सोपं."

"सोपं हाय. पण मी नाय केलं. कार्ड पायजे व्हतं, खोटं कशाला बोलू? मागून मागून थकलो. त्याच्या मागं काय छापलंय, ते मात्र मला म्हाईत नाय. आपल्या कार्डवाल्यांच्या ग्रुपवर त्यानं पुढची बाजूच टाकली व्हती."

उजवीकडे सुयश. धम्मपालचा जुना मित्र, कार्डांतला जाणकार. त्याचा अल्बम टेबलावर उघडा होता. सातपूर संघाची दहा कार्डं ओळीने लावलेली, अकरावा कप्पा रिकामा.

"तू काही पाहिलंस?"

"गर्दी होती, ताई. लक्ष नव्हतं."

"कार्डाची मागची बाजू कधी बघितलीस?"

"मी? कधीच नाही. केसमध्येच बघितलंय ते, तेही आज."

अंजली दोन टेबलांमध्ये येरझाऱ्या घालू लागली. मग एकदम थांबली.

"दादा, सही घ्यायच्या आधी कार्डाची मागची बाजू कुणाला दाखवली होतीत?"

"कुणालाच नाही."

"फोटो पाठवला होता?"

धम्मपालची नजर हळूहळू उजवीकडे वळली.

अंजलीने गोरक्षलाही जवळ बोलावलं. आवाज तिने चढवला नाही.

"हे नकली कार्ड याच कार्डाच्या फोटोवरून छापलंय. म्हणून दुमडही छापली गेली. पुढची बाजू ग्रुपवर सगळ्यांनी पाहिली होती. मागची बाजू छापणाऱ्याकडे मागचा फोटो हवा, आणि तोही सहीच्या आधीचा. सही झालीय हे त्याला माहीतच नव्हतं. गोरक्षभाऊंकडे तो फोटो कधी गेलाच नाही."

"कार्ड मिळालं तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो तुलाच पाठवले होते मी," धम्मपाल म्हणाला. "खरं आहे का, ते विचारायला. सुयश, तूच सांगितलंस, शंभर टक्के खरं."

"आणि आत्ता मला म्हणालास, मागची बाजू कधीच बघितली नाही," अंजली म्हणाली.

सुयशने मान खाली घातली. मग टेबलाखालची बॅग ओढून चेन उघडली आणि तळातून केस काढून धम्मपालसमोर ठेवली.

"विकणार नव्हतो. नुसता तो कप्पा भरायचा होता. झोप लागत नव्हती रे मला."

"मागितलं असतंस तर?"

"तू दिलं असतंस?"

"नाही."

धम्मपालने कार्ड बाहेर काढून उलटं केलं. वेडीवाकडी सही जागेवर होती. तेवढ्यात पिंकी झुंबररावांचा हात धरून आत आली.

म्हाताऱ्याने मुलाच्या हातातलं कार्ड घेतलं. मग त्याची नजर टेबलावरच्या अल्बमवर गेली आणि तिथेच खिळली. त्याने आपलं कार्ड अलगद त्या रिकाम्या कप्प्यावर ठेवलं. एकेका चेहऱ्यावर बोट टेकवत तो बोलू लागला.

"जयराम. मंगळू. हा डावरा..."

दहाही नावं आली. एकही चुकलं नाही. पिंकीने तोंडावर पदर धरला.

"कुणी जपली रे आमची पोरं?" झुंबररावांनी विचारलं.

सुयश तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिला.

"यानेच, बाबा," धम्मपाल म्हणाला. आणि वडिलांचं बघून होईपर्यंत त्याने कार्डाला हात लावला नाही.