सातवा मार्ग, सव्वासात वाजता

भिंगरी चेंडू शोधायला लॉजवरच्या टेबलटेनिसच्या टेबलाखाली वाकली आणि तिथेच गुडघ्यांवर बसून राहिली. टेबलाचा एक पाय आखूड होता. तो डगमगू नये म्हणून त्याच्याखाली तीन निळ्या वह्या खुपसल्या होत्या आणि सगळ्यात वरच्या वहीवर तिच्या मावशीचं अक्षर होतं.

“चेंडू शोधतेयस की झोपलीस?” पलीकडून तिच्या धाकट्या भावाने विचारलं. तो दहा वर्षांचा होता. पण कुठलीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय मान्य करायची नाही, असा त्याचा खाक्या. म्हणून घरात त्याला सगळे प्रोफेसर म्हणत.

“खाली ये,” भिंगरी म्हणाली. तिचा आवाज ऐकून तोही टेबलाखाली शिरला.

मावशी गावातल्या शाळेत खेळ शिकवायची. अकरा वर्षं ती रोज पहाटे धावत होती. कधी शेतांच्या बांधांवरून, कधी फळबागांच्या कुंपणाकडेने, कधी दीपगृहाच्या कड्यावरून. घरी आली की घाम पुसायच्या आधी ती वहीत लिहायची: कुठे चढ आहे, कुठे शेवाळ आहे, कुठून समुद्र पहिल्यांदा दिसतो. पानाच्या डोक्यावर तारीख असायचीच. गेल्या वर्षी डोंगरावरच्या लॉजच्या मालकाने त्या वह्या दोन दिवसांसाठी मागून नेल्या. परत द्यायच्या वेळी म्हणाला, “अहो बाई, दिल्या की मी!” आणि मग त्याच्या काउंटरवर एक रंगीत पुस्तक आलं. किनाऱ्यावरचे धावण्याचे बारा मार्ग. कव्हरवर बूट घातलेला त्याचाच फोटो. मुलांनी त्या दिवसापासून त्याचं नाव ढापूशेठ ठेवलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी भिंगरीने दात-ओठ खाऊन सोडून दिलं असतं. पण महिन्यापूर्वी लॉजवर उतरलेली एक ताई पुस्तकातला सातवा मार्ग धावायला गेली. तो मार्ग खाडीच्या वाळूवरून पलीकडे जातो. ती मध्यावर असताना पाणी चढलं. घाईघाईने खडकावर चढताना तिचा पाय मोडला. तेव्हा ढापूशेठने गावभर सांगितलं, की वेळ त्या खेळाच्या बाईंनीच लिहून दिली होती, आपण बिचारे विश्वासाने छापत गेलो. म्हणजे पुस्तक त्याचं आणि चूक तेवढी मावशीची! शाळेने चौकशी होईपर्यंत मावशीचा धावण्याचा वर्ग बंद केला. तेव्हापासून ती पहाटे उठायची, बुटांच्या नाड्या बांधायची आणि पायरीवर नुसती बसून राहायची. सुट्टीसाठी आलेल्या भिंगरीला ते बघवत नव्हतं.

दोघांनी टेबलाच्या पायाखालच्या वह्या काढल्या, तिथे दोन विटा सरकवल्या आणि थेट होड्यांचा धक्का गाठला. तिथे त्यांची तिसरी भिडू भेटली. नाववाल्या काकांची ही तेरा वर्षांची मुलगी जेवायला तासभर लावायची, म्हणून तिचं नाव गोगलगाय. वल्ही मात्र तिच्याइतकी जोरात कुणी मारत नसे.

प्रोफेसरने एका मांडीवर वही आणि दुसऱ्या मांडीवर काउंटरवरून आणलेलं पुस्तक ठेवलं. वाक्यन् वाक्य तेच. तिसऱ्या फाटकापाशी काळं कुत्रं अंगावर येतं, त्याला ‘राजा’ अशी हाक मारा, हेसुद्धा तसंच उतरवलं होतं. ते कुत्रं वारून चार वर्षं झाली होती, असं गोगलगाय म्हणाली. मग सातवा मार्ग आला. ‘सव्वासातला वाळूवर उतरले, पाऊल कोरडं,’ असं मावशीने लिहिलं होतं. पुस्तकात ‘सव्वासातला वाळूवर उतरा, पाऊल कोरडं राहील,’ असं होतं.

“मग चूक कुठे आहे?” भिंगरी घाबरून म्हणाली.

प्रोफेसरने पुस्तकाचं पान उलटसुलट करून पाहिलं. “तारीख नाहीये. वहीत प्रत्येक पानावर आहे. याने एकही घेतलेली नाही.”

गोगलगाय हसायलाच लागली. ओहोटी रोज जवळजवळ पाऊण तास पुढे सरकते, ती म्हणाली, आज सव्वासातला असेल तर उद्या आठला. हे त्यांच्या बकरीलाही कळत होतं. पण ढापूशेठ शहरातून आलेला, गाडीतून लॉजवर आणि लॉजवरून गाडीत. त्याचे बूट समुद्राने कधी पाहिलेच नव्हते.

वह्या आत्ताच्या आत्ता शाळेच्या मोठ्या बाईंकडे नेऊ, असं प्रोफेसरचं मत पडलं. भिंगरीने मान हलवली. तो बंद खोलीत ‘सॉरी’ म्हणेल, चहा पिईल आणि सुटेल. मावशीची बदनामी मात्र चव्हाट्यावर झाली होती.

“मला तो ओला झालेला बघायचाय,” ती म्हणाली. “गळ्यापर्यंत नाही. कमरेपर्यंत चालेल.”

रविवारी लॉजवर वीस धावपटू येणार होते. क्रीडा अधिकारीही येणार होते आणि वर्गाचं काय करायचं ते तेच ठरवणार होते. गोगलगायने बोटांवर हिशोब केला. रविवारी ओहोटी पाचला संपणार. सव्वासातला काठावर घोट्याएवढं पाणी असेल, पुढे मात्र वाढत जाईल. मग तिने अट घातली, की बाबांना सगळं सांगायचं आणि त्यांची नाव सातपासून मधल्या खडकामागे उभी राहिली पाहिजे. नाहीतर ती यात नाही.

शनिवारी संध्याकाळी भिंगरी दोन वेण्या घालून लॉजच्या जेवणघरात गेली. धावपटू जेवत होते. तिने सगळ्यांसमोर पुस्तक पुढे केलं आणि सही मागितली. ढापूशेठ खुलला. मग तिने साखर पेरली.

“काका, सातवा मार्ग तुमचा सगळ्यात लाडका आहे ना? मग उद्या तुम्हीच पुढे धावा ना. पलीकडे पोचलात की शिट्टी मारा, मग बाकीचे येतील.”

टाळ्या पडल्या. नाही म्हणायला त्याच्याकडे जागाच उरली नाही.

सकाळी सव्वासातला तो पाण्यात उतरला, पुस्तकाबरहुकूम. शिंतोडे उडवत, काठाकडे हात हलवत पन्नास पावलं झकास गेला. मग पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. तो मागे वळला, तर मागच्या सखल वाळूवर पाणी त्याहून खोल झालं होतं. कमरेपर्यंत भिजत त्याने कसाबसा खडक गाठला आणि वर चढला.

खडकामागून नाव आली आणि दोन वल्ह्यांच्या अंतरावर थांबली. नाववाले काका शांतपणे जाळं सोडवत बसले होते.

“दोर टाका!” ढापूशेठ ओरडला.

“टाकू ना,” काका म्हणाले. “आधी पोरींना काहीतरी विचारायचंय म्हणे.”

भिंगरी नावेत उभी राहिली. “पुस्तक कुणी लिहिलं, काका?”

“मी... म्हणजे संपादन माझं आहे.”

एक लाट त्याच्या बुटांवरून गेली.

“वह्या बाईंच्या आहेत!” तो आता काठापर्यंत ऐकू जाईल असं बोलत होता. “तारखा मी काढल्या. पानं वाढत होती म्हणून काढल्या. बाईंची काही चूक नाही. आता तरी घ्या!”

काठावर प्रोफेसर क्रीडा अधिकारी आणि मोठ्या बाई यांच्यासमोर वही उघडून उभा होता, बोट तारखेवर ठेवून. काम झालं होतं. पण भिंगरीला पायरीवर बसलेली मावशी आठवत होती.

“अजून थोडा वेळ राहू दे त्याला,” ती म्हणाली.

“पुरे,” गोगलगाय म्हणाली. “आता नुसतं पाणी वाढेल.” आणि तिने दोर फेकला.

अधिकाऱ्यांनी तिघांची पाठ थोपटली. एवढी बारकाईने केलेली चौकशी मोठ्यांनाही जमली नाही, असं ते म्हणाले. मोठ्या बाईंनी तिथेच वाळूवर सांगून टाकलं, की वर्ग सोमवारपासून सुरू. बातमी ऐकून धावत आलेली मावशी मात्र भिंगरीला बाजूला घेऊन चांगलीच रागावली. खडकावर पाय घसरला असता तर, असं तिने तीन वेळा विचारलं.

भिंगरीने मान खाली घातली. “पण मला वाईट वाटत नाहीये, मावशी.”

“मलाही फारसं वाटत नाहीये,” मावशी म्हणाली. “म्हणूनच ओरडतेय.” आणि तिने भाचीला एवढं घट्ट जवळ घेतलं की भिंगरीचा श्वास कोंडला.

लॉजवर पाचशे पुस्तकं शिल्लक होती. अधिकारी म्हणाले, रद्दीत घाला. मावशीने नको म्हटलं. मार्ग चांगले होते, फक्त तारखा आणि ओहोटीचं वेळापत्रक हवं होतं. ते चिठ्ठीवर लिहून प्रत्येक पुस्तकात डकवायचं, खाली लेखिकेचं नाव घालायचं आणि हे सगळं ढापूशेठने स्वतःच्या हाताने करायचं, असं ठरलं.

सुट्टीचा उरलेला आठवडा तो काउंटरमागे डिंकाची बाटली घेऊन बसला. समोर खुर्चीवर भिंगरी. तिच्या शेजारी पायाला प्लॅस्टर घातलेली ती ताई, खास शहरातून आलेली. एकेक पुस्तक दोघींच्या हातांतून जात होतं.

तीनशे बारावं पुस्तक ताईने उघडलं, उजेडात धरलं आणि भिंगरीकडे दिलं. भिंगरीने चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

“वाकडी आहे,” ती गोड आवाजात म्हणाली. “काढा आणि परत लावा.”