उजवा पाय

"राहू दे तुझं गुडघे शेकणं," म्हणत आवडाबाईनं हात झटकला, सुनेच्या हातातलं गरम पाण्याचं भगुनं कलंडलं… पण तिनं वळून पाहिलं नाही. तोंड भिंतीकडं करून ती तशीच पडून राहिली. त्याच सकाळी, झावळ्यांच्या रविवारी, छावणीतल्या चर्चमध्ये फादरांनी येत्या पवित्र गुरुवारच्या पायधुणीसाठी बारा नावं वाचली होती, आणि त्यांत आवडाबाईचं नाव नव्हतं. सुनेचं होतं.

"पाणी सांडलं थोडं. पुसते," एवढंच प्रेरणा म्हणाली.

पुसणारच की. फरशी पुसायला काय अक्कल लागते?

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर त्या संध्याकाळी वेदीसमोर गुडघे टेकतात आणि बाकावर बसलेल्या एकेकाचा उजवा पाय धुतात. त्या पायांचे टॉवेल धुण्यात आवडाबाईची उभी हयात गेली होती. नवरा कचरू देवाघरी गेला, लेक राजकुमार शेंद्र्याच्या कारखान्यात लागला, घरात सून आली; पण औरंगपुऱ्यातून आणलेले ते पांढरे टॉवेल दर साली तीच नीळ घालून धुवायची, इस्त्री करायची, अन् फादरांच्या मागं उभी राहून एकेक त्यांच्या हाती द्यायची. पूर्वी बाकावर बाप्येच बसायचे, तेव्हा मनाला टोचणी नव्हती. मग पोपसाहेबांनी बायांनाही मुभा दिली, आणि त्या व्याकुळ अंतःकरणात एक वेडी आशा रुजली… शाळेतली बाई बसली, दवाखान्यातली नर्स बसली, आवडाबाई टॉवेल घेऊन उभीच. अन् आता ही! सिल्लोडच्या हिंदू घरातली, गेल्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतलेली, जपमाळेत अजून अडखळणारी.

नव्यानं आलेल्या लेकराला मान द्यावा, असं फादर म्हणाले होते. जुन्यांना मग काय, इस्त्री?

संत मार्थेच्या तसबिरीपुढं ती रोज कुढत बसे. तूच सांग बाई, तूबी चुलीपुढं राबलीस, अन् तुझी बहीण प्रभूच्या पायाशी बसून गोड झाली. तुझं काळीज नाय का गं जळलं? मार्था बोलत नव्हती. संत बोलत नाहीत, म्हणून तर त्यांच्याशी माणसाचं जमतं.

राजकुमारनं एकदा भीत भीत सांगून पाहिलं, की प्रेरणा नको म्हणतीय, आई, तूच बस. उष्ट्या मानावर जगायची वेळ अजून आली नाही, असं सुनावून तिनं त्याला गप्प केलं. सुनेकडं तर तिनं चार दिवस सरळ बघितलंच नाही. फक्त एक गोष्ट डोळ्यांत खुपली. एवढ्या उन्हाळ्यात ही बया घरात मोजे घालून वावरत होती.

"बघा," शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं आवडाबाई म्हणाली, "फादरांसाठी पाय मऊ करणं चाललंय."

प्रेरणा खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

गुरुवारी बाकावरचे सगळे पाय घरूनच घासूनपुसून आलेले होते. एका पायाला तर नेलपॉलिशही होतं. फादर सरकत सरकत प्रेरणापुढं आले. तिनं लांब सोडलेल्या निऱ्यांखालून डावा पाय पुढं केला.

पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. आवडाबाईच्या मनाला गुदगुल्या झाल्या… एवढंबी ठाव नाय, अन् म्हणे मान!

उजवा दे बाळ, असं फादरांनी हळूच सांगितलं. प्रेरणानं एकवार सासूकडं पाहिलं. सासू टॉवेलाच्या घड्या बघत होती. मग तिनं निऱ्या किंचित वर घेतल्या.

बोटांपासून घोट्यापर्यंत कातडी सोललेली होती. लाल, ओली.

फादरांच्या हातातला तांब्या थबकला. कशानं झालं, त्यांनी विचारलं.

"माझंच ध्यान नव्हतं, फादर."

टॉवेलासाठी फादरांनी मागं हात केला. हात रिकामाच राहिला. आवडाबाईच्या कानांत भगुन्याचा खणखणाट उठला होता, आणि मागोमाग तो शांत, मायाळू आवाज… थोडं सांडलं, पुसते.

"खोटं बोलतीय ती," आवडाबाई म्हणाली. "मी सांडलं. हात झटकला अन् वळूनबी बघितलं नाय."

जे गुडघे गेली दोन वर्षं प्रार्थनेलाही वाकले नव्हते, ते फरशीवर टेकले. फुंकर घालत तिनं तो पाय टिपायला घेतला, आणि तिचे डोळे असे भरून आले, की पाय दिसेना.

"आत्याबाई, उठा, गुडघे दुखतील."

"दुखू दे. ह्या मेल्यांनाच शेकायला आली होतीस ना तू?" मग आवाज खाली घेऊन, "काय लावलंस?"

"हळद."

"हळद. अडाणी कुठली. सांगायचं नाय का?"

"तुम्ही बोलत नव्हता माझ्याशी," प्रेरणा म्हणाली, आणि चार दिवस कोंडलेलं रडू आता तिला आवरेना.

आवडाबाईनं उठायचा प्रयत्न केला, उठता येईना. तेव्हा प्रेरणा बाकावरून उतरली आणि ओला पाय तसाच टेकून सासूजवळ फरशीवर बसली. एकीनं दुसरीला धरलं होतं. कुणी कुणाला, ते मागच्यांना कळत नव्हतं. जिच्यासाठी इतका जीव जळला, ती बाकावरची जागा दोघींच्या डोक्यावर रिकामीच राहिली, आणि तिच्याकडं पाहायला दोघींपैकी एकीलाही सवड नव्हती.