निरोप्याच्या पाठीवरचं ताट

आसामातल्या आमच्या मायंगमध्ये विष उतरवताना पाठीला चिकटणाऱ्या ताटाचं कुणाला नवल नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो. ते ताट घामाने चिकटतं, असं मुलांना दरवर्षी सांगतो.

श्रावणातल्या पुरात माझ्या बायकोला, निर्मलीला, भाताच्या कोठारात साप चावला. दवाखाना नदीपलीकडे. सरकारी नाव निघाली म्हणत होते, पण पाण्यावर काही दिसेना. निर्मलीच्या पापण्या मिटायला लागल्या तशी माझी बहीण जोनाली ओरडली, "दादा, ठेव ते तुझं विज्ञान गुंडाळून! बेजकडे जा!"

केळीच्या तराफ्यावरून गेलो. मंत्राने विष उतरवणारे खर्गेश्वर बेज ओसरीवरच होते. मला पाहून हसले. "या मास्तर. घाम आलाय ना भरपूर?"

मी त्यांचे पाय धरले. लाज कुठली उरली होती!

रोग्याला आणता येत नसेल, तर निरोप घेऊन येणाऱ्याच्या पाठीला ताट लावतात. बेजनी गामोशाने माझी पाठ कोरडी पुसली, काशाचं ताट टेकवलं आणि मंत्र सुरू केला. ताट गच्च बसलं.

"विष संपलं की आपोआप पडेल," ते मध्येच म्हणाले. "नाहीतर माणूस संपलं की."

मंत्र चालू असतानाच फोन वाजला. जोनाली रडत होती आणि हसतही होती. "वहिनी उठून बसली! चहा मागतेय!"

मी ढसाढसा रडलो. बेज मात्र माझ्या पाठीकडे बघत होते. ताट पडलं नव्हतं.

"म्हणजे काय समजायचं?" मी विचारलं.

त्यांनी ताटाकडे हात नेला आणि मागे घेतला. "घरी जा, मास्तर. आणि ते ओढू नका."

घरी निर्मली दारातच बसली होती, लाल चहाचा पेला हातात. पायावर दोन ठिपके, सूज नाही. मग नाव आली. डॉक्टरांनी तिला तपासलं, विष भिनलंच नाही म्हणाले. माझी पाठ पाहून हसले. "मास्तर, तुम्हीसुद्धा?" ते ताट ओढायला गेले, तेवढ्यात निर्मलीने त्यांचं मनगट धरलं.

"नको," ती म्हणाली.

तिला ताटाचं कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी हात सोडवून घेतला आणि मनगट शर्टाला पुसत राहिले.

तेव्हापासून सहा महिने मी पालथा झोपतो.

आज सकाळी ताटाची वरची कड सुटली. चहा ओतता ओतता निर्मली खाली बसली.

"अहो, गार वाटतंय," एवढंच म्हणाली.

जोनाली बेजना आणायला धावली आहे. मी अंगणात धावतोय, माघाच्या धुक्यात, उघड्या अंगाने. कुंपणापाशी माणसं जमली आहेत. जमू देत. घामाने चिकटतं ते. मीच शिकवलंय. चिकटायलाच हवं.

छाती फुटायला आली आहे. कपाळावरून धारा लागल्या आहेत.

पाठ कोरडी आहे.