आचाऱ्याचं बनियन

चंद्रपूरच्या मानवगंध प्रयोगशाळेत काचेच्या दोनशे अकरा बरण्या होत्या आणि प्रत्येकीत घामेजलेलं एकेक बनियन होतं. चंद्रपुरात घामाला तोटा नाही, पण हा घाम निवडक होता. वधू-वर परिचय मेळाव्यात जे तरुण मंचावर उभे राहून, माइक हातात धरून, भरल्या सभागृहाला आपलं शिक्षण, उंची आणि पगार सांगतात, त्यांची ही बनियनं. ते मंचावरून उतरले, की डॉ. दिवाकर वांढरे नवं कोरं बनियन देऊन अंगातलं काढून घ्यायचा. त्याच घामातून त्याने ‘ओढरेणू’ वेगळा केला होता. हा रेणू ज्याच्या अंगातून सुटतो, त्याच्याजवळ बसावंसं वाटतं. का वाटतं ते कळत नाही, कारण नाकाला त्याचा वास असा येतच नाही. माणसाला माणसाकडे खेचणारा गंध सापडला, म्हणून दिवाकरचं नाव सातासमुद्रापार गेलं होतं.

त्या नावाला मे महिन्यातल्या एका दुपारी त्याच्या बायकोनेच सुरुंग लावला. डॉ. कुंदा त्याची कॉलेजपासूनची सोबतीण, आणि याच प्रयोगशाळेत रसायनांचं विश्लेषण करणारी. तिने एक बरणी आणून टेबलावर ठेवली. साऱ्या बरण्यांत ओढरेणू हिच्यात सर्वांत जास्त भरला होता, इतरांच्या तिप्पट. आणि ते बनियन कुठल्याच नवरदेवाचं नव्हतं. मेळाव्याचे आचारी शेंडे, वय चौसष्ट, चार नातवंडांचे आजोबा. त्यांचं बनियन गडबडीत चुकून पिशवीत आलं होतं.

“शेंड्यांना या वयात कोणाची ओढ लागली?” दिवाकर हसत म्हणाला.

“कोणाचीच नाही. मी विचारून आले. त्या दिवशी मठ्ठ्यात मीठ दोनदा पडलं. भर पंगतीत त्यांनी बोलणी खाल्ली.”

दिवाकरचं हसू मावळलं. मग कुंदाने शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. मंचावरच्या त्या पोरांना कसली आली ओढ, ती बिचारी शरमेने अर्धमेली झालेली असत. चारचौघांत पगार सांगायची वेळ आली तर कोणाला घाम फुटणार नाही? तेव्हा हा रेणू प्रेमाचा नाही, लाजेचा आहे.

“मग लोक जवळ का येतात?”

“ज्याला लाज वाटते, त्याला आपलं चुकलं हे कळलेलं असतं. त्याला कळपात ठेवायला धोका नसतो. धोका निलाजऱ्याचा. लाखो वर्षं आपण लाजणाऱ्यालाच जवळ करत आलो, दिवाकर, आणि त्यालाच प्रेम म्हणत आलो.”

खात्री करायला तिने गंधकाटा पुढे ओढला. आजवर रेणू फक्त कापडावर मोजता यायचा. हे यंत्र तो हवेतच मोजणार होतं. खिडकीतला कूलर खोलीची हवा सारखी बदलत होता, म्हणजे काटा दाखवील ते या घडीचं. यंत्र दोघांच्या मध्ये ठेवून तिने कळ दाबली. काटा सरळ शंभरावर जाऊन टेकला.

ही लाज कोणाची, ते दिवाकरला ठाऊक होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी कुंदा जेवायला त्याच्या शेजारीच बसायची, नातेवाईक त्याचं कौतुक करायचे. तिला कशाने धरून ठेवलं होतं ते आता काट्यावर दिसत होतं. सांगून टाकलं तर लाज सरेल, लाज सरली तर रेणू सुटायचा नाही, आणि रेणू नसेल तर कुंदाही जवळ राहायची नाही. गप्प बसलं तर संसार शाबूत होता. पण चोरी काट्यावर चढून बसली होती आणि कुंदा तिच्याकडे बघत होती. त्याला स्वतःची किळस आली.

“लग्नाआधी तुला जर्मनीची शिष्यवृत्ती मिळाली होती,” तो मान खाली घालून म्हणाला. “पत्र कॉलेजच्या विभागात माझ्या हाती पडलं. मुदत टळेपर्यंत मी ते दडवलं. तू गेली असतीस तर परत आली नसतीस.”

दिवाकरला बावीस वर्षांत प्रथमच मोकळा श्वास आला, आणि त्या मोकळेपणाचीच भीती वाटली. काटा खाली येऊ लागला. पन्नासावर येऊन थांबला.

“उरलेला अर्धा माझा,” कुंदा म्हणाली.

ते पत्र तिला त्याच्या कप्प्यात सापडलं होतं, मुदतीला दोन दिवस असताना. तिने वाचलं आणि होतं तसं ठेवून दिलं. परमुलखात एकटीने जायची हिंमत तिच्यातच नव्हती, आणि दोष द्यायला आयता माणूस मिळाला होता. पुढे कधी विषय निघाला, की ‘जर्मनीला जायचं राहूनच गेलं’ म्हणून ती उसासा टाकायची आणि दिवाकर उठून चहा ठेवायचा. तो चहा ती बावीस वर्षं मुकाट्याने पीत आली होती.

काटा शून्यावर आला.

कुंदाने खुर्ची हातभर मागे घेतली, अगदी सहज. दिवाकरने तिच्याकडे पाहिलं. डोक्यावर चष्मा सरकवलेली, पन्नाशीला टेकलेली, दमलेली एक बाई. चांगली, ओळखीची. त्याच्या मनात काहीच हललं नाही. राग नव्हता, माया नव्हती. जिने आत्ता आपल्यापुढे मन उघडं केलं, तिच्याविषयी आपल्याला काहीच वाटू नये, याची त्याला मनापासून लाज वाटली. त्याने नजर खाली वळवली. कुंदाची नजरही खालीच होती.

मधल्या काट्याने शून्य सोडलं. दोन झाले, तीन झाले, पाच झाले.

“हा कोणाचा?” दिवाकरने विचारलं.

कुंदाने मागे घेतलेली खुर्ची पुन्हा हातभर पुढे ओढली.