मिशा गेल्या, केस राहिले

आबाजींच्या मिशा एका सकाळी टॉवेलात आल्या. सगळ्या नाही, पण निम्म्याहून जास्त. उरलेल्या त्यांनी स्वतःच काढून टाकल्या. ते चहाला येऊन बसले तेव्हा केतकीच्या आईला क्षणभर ओळखूच आले नाहीत. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून सासऱ्यांचा वरचा ओठ तिने पाहिलेलाच नव्हता. केतकीला ते शाळेच्या जुन्या फोटोतल्या मुलासारखे वाटले. ती हसली, मग तेही हसले.

हसता हसता तिचं लक्ष त्यांच्या डोक्याकडे गेलं. तिथले पांढरेशुभ्र केस जरासे विरळ झाले होते, पण होते. औषध एकच, माणूसही एकच. मग मिशा गेल्या आणि केस कसे राहिले?

आबाजी म्हणजे डॉक्टर प्रल्हाद वैरागडे, धानाचे शास्त्रज्ञ. भंडाऱ्याच्या बीजकोशात (बियाणं थंडीत जपून ठेवण्याच्या कोठारात) त्यांनी जन्मभर धानाचे जुने वाण सांभाळले होते. उन्हाळा लागताना त्यांच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ सापडली आणि केमोथेरपी (कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधं देण्याचा उपचार) सुरू झाली. या औषधाने केस जातात, पण औषध चालू असताना गार टोपी घातली तर ते वाचू शकतात, वाचतीलच असं मात्र नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आबाजी असल्या गोष्टीला नको म्हणतील असं सगळ्यांना वाटलं. ते हो म्हणाले.

"लोक भेटले की मला आधी धानाबद्दल विचारतात," ते म्हणाले. "डोकं तुळतुळीत झालं की आधी आजाराबद्दल विचारतील. मला धानाबद्दल बोलायला आवडतं."

त्याच दुपारी शेजारच्या पुष्पाकाकू भाजी द्यायला आल्या. आबाजींचे केस बघून त्या आईला हळूच म्हणाल्या, की केस राहिले म्हणजे औषध नीट लागू पडलेलं दिसत नाही. आईने ते मनावर घेतलं नाही. दाराआड उभ्या असलेल्या केतकीने घेतलं. टोपी जर औषधाला अडवत असेल, तर ती गाठीपर्यंत जाणारं औषधही अडवत असेल का? केसांपायी आबाजीच गेले तर? ती रात्री नीट जेवली नाही. पोट दुखतंय, असं तिने सांगितलं.

पुढच्या औषधाच्या दिवशी ती हट्टाने त्यांच्याबरोबर उपचार केंद्रात गेली. एव्हाना जिल्ह्याच्या गावांतल्या केंद्रांमध्येही यंत्रमानव आले होते. इथल्या यंत्रमानवाचं नाव होतं शिशिर. आबाजींच्या डोक्यावर मऊ टोपी बसवण्याचं काम त्याचं. त्या टोपीच्या आतल्या बारीक नळ्यांतून गार द्रव फिरत राहायचा. आबाजी वजन करायला आत गेले तशी केतकी शिशिरजवळ गेली आणि आज टोपी बिघडली असं सांग, म्हणून त्याची विनवणी करू लागली.

शिशिरने तिचं सगळं ऐकून घेतलं. खोटं मी सांगणार नाही, तो म्हणाला, आणि टोपी घालायची की नाही हे ठरवायचा हक्क आबाजींचा आहे.

"पण तुझी भीती खरी आहे," तो म्हणाला. "ती त्यांना तू सांगतेस, की आपण दोघं मिळून सांगू या?"

दोघांनी मिळून सांगितली. आबाजी हसले नाहीत. त्यांनी केतकीला खुर्चीच्या हातावर बसवलं आणि शिशिरकडून एक गार हातमोजा मागवला. नखं जपण्यासाठी काही रुग्णांच्या हातात तो घालतात. टोपी डोक्यावर गार होत होती, तेवढ्या वेळात केतकीने आपला डावा हात त्या मोज्यात ठेवला.

हात बाहेर काढल्यावर आबाजींनी तिला दोन्ही हातांची बोटं दाबून सोडायला सांगितली. उजव्या बोटावर दाबल्याने उमटलेला पांढरा ठिपका लगेच लाल झाला. डाव्या बोटावर लाली सावकाश आली. मग शिशिरने उष्णता दाखवणारा कॅमेरा तिच्यासमोर धरला. पडद्यावर उजवा हात केशरी होता, डावा निळा.

आबाजींनी तिला समजावून सांगितलं. गारठ्याने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. वाट अरुंद झाली की रक्त कमी येतं. औषध रक्तातूनच फिरतं, म्हणून तेही कमी येतं. शिवाय गारठलेल्या पेशींचा चयापचय (अन्नापासून शक्ती मिळवून वाढण्याचं कामकाज) मंदावतो. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतं, मग त्या गाठीतल्या असोत की रोमकूपातल्या (केस जिथून उगवतो त्या त्वचेतल्या खळगीतल्या).

"नवखा माणूस निंदायला बसला की तणाबरोबर धानही उपटतो ना? तसंच हे. भराभर वाढणारं दिसलं की उपटलं. टोपीमुळे डोक्यावरचे रोमकूप जरा पेंगुळतात, आणि पुष्कळसे वाचतात."

"आणि फुप्फुस?" केतकीने विचारलं.

उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, की हात गारठला तेव्हा पोटातही गार झालं का? केतकीने मान हलवली. पोटात काहीच झालं नव्हतं, कोपरसुद्धा ऊबदार होतं. टोपीची थंडीही डोक्याच्या त्वचेपुरतीच, खाली फुप्फुसात रक्त नेहमीसारखं वाहतं.

केतकी विचार करत राहिली. मग तिने हळूच त्यांच्या वरच्या ओठाला बोट लावलं.

"इथे टोपी नव्हती," ती म्हणाली. "म्हणून मिशा गेल्या. म्हणजे औषध सगळीकडे फिरतंय, फक्त गार जागा सोडून."

"हे मला आधी सुचायला हवं होतं," आबाजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. टोपीच्या थंडीने कपाळ दुखतंय, असं त्यांनी सांगितलं.

केतकीला आता हुरूप आला. मग सगळं अंगच गार केलं तर उलट्याही होणार नाहीत आणि थकवाही येणार नाही, असं ती म्हणाली. आबाजींनी एवढंच विचारलं, "आणि गाठ?" ती थांबली. गाठही औषधापासून लपून बसेल, हे तिचं तिलाच कळलं. सलाईन संपल्यावरही टोपी बराच वेळ का काढत नाहीत, हे मात्र तिने शिशिरला विचारलं. रक्तातलं औषध ओसरेपर्यंत रोमकूपांना जपावं लागतं, असं त्याने सांगितलं.

पावसाळा सरता सरता आबाजींची तपासणी झाली. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. उपचार अजून बाकी होते, पण त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदाच निवांत बसून त्यांच्याशी बोलल्या.

त्यानंतरच्या खेपेला शेजारच्या खुर्चीत ललिता शेंडे नावाच्या बाई होत्या. एसटीत कंडक्टर. टोपी हातात धरून त्या नुसत्याच बसल्या होत्या. रोज एवढे लोक आपल्याला बघतात म्हणून केस हवेत, पण या टोपीमुळे औषध वाया गेलं तर, असं त्या शिशिरला विचारत होत्या. शिशिरने मान वळवून केतकीकडे पाहिलं.

केतकीने त्यांना मोज्यात हात घालायला लावलं, बोट दाबायला लावलं, कॅमेऱ्यातला निळा हात दाखवला. थोडे केस तरीही जातील, हेसुद्धा सांगून टाकलं. बाईंनी सगळं नीट ऐकलं आणि टोपी शिशिरच्या हातात दिली.

"पण पोरी," त्या म्हणाल्या, "गाठ कुठली अन् केस कुठले, हे त्या औषधालाच का नाही शिकवत?"

केतकीने आबाजींकडे पाहिलं. काही औषधं आता ते शिकू लागली आहेत, ते म्हणाले, पण सगळ्या गाठींसाठी नाही. बाकीच्यांना ते कसं शिकवायचं, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

केतकीने खुर्ची शिशिरच्या जवळ ओढली. "शिकू लागली आहेत ती कशी ओळखतात," ती म्हणाली, "तेवढं आधी सांग."