मानेची चावी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. ही माझ्या सख्ख्या मामाच्या घरी घडलेली गोष्ट आहे. मामी अजून त्याच घरात राहते, म्हणून नावं सांगत नाही.

गेल्या थंडीतला रविवार. भरदुपार. दुसरा मजला, दोन खोल्या, खिडकीतून लख्ख ऊन. भुताखेतांची वेळच नव्हे.

मामा एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. हात कसबी, म्हणून मित्रांच्या गिटारी साफ करायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर टकल्याने, म्हणजे त्यांच्या ड्रमरने, दिलेली बेस होती. त्याच्या वारलेल्या मोठ्या भावाची. कित्येक वर्षं पेटीत बंद पडलेली.

मामी बाहेरच्या खोलीत शाळेचे पेपर तपासत होती.

"टेबल पुसून द्या हं," ती तिथूनच ओरडली. "नाहीतर रात्री तारांचीच भाजी वाढीन."

मामाने चारही तारा काढल्या. पट्ट्यांमधला मळ टूथब्रशने घासला. फडका काळाकुट्ट झाला. मग एक डोळा मिटून त्याने गिटारची मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, पाहिली.

पुढे वाकली होती.

या मानेत आतून लोखंडी सळई असते. चावीने ती आवळली की मान मागे जाते. तारा ताणल्या की पुढे येते. एवढंच गणित, मामाच्या हातचा मळ.

त्याने चावी घातली. पाव फेरा दिला.

कट्...

"आई गं!" बाहेरून मामी. "अहो, मान लचकली वाटतं माझी."

"पोरांचे इतके मार्क कापल्यावर आणखी काय होणार?" मामा हसला.

आणखी पाव फेरा.

कट्...

या वेळी बाहेरून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

मामा धावला. मामी भिंतीला टेकून उभी होती... डोकं मागे, हनुवटी थेट छताकडे. डोळे मात्र त्याला शोधत होते. मामाने तिचं डोकं धरून पुढे आणायचा प्रयत्न केला. हलेना.

आणि मग आतून...

कट्.

मामा आत पळाला. टेबलाजवळ कोणी नव्हतं. चावी आपोआप फिरत होती.

त्याने चावीवर झडप घातली. दोन्ही हातांनी उलटी फिरवू लागला. चावी तळव्यात घुसली, रक्ताची धार लागली, पण त्याच्याहून दांडगं कुणीतरी ती पिळतच होतं. बाहेर मामी घुसमटून ओरडत होती. तिचे मणके करकरलेले त्याला आत ऐकू आले.

गिटार आपटून तोडावी म्हणून त्याने ती डोक्यावर उचलली...

आणि हात तिथंच थिजले.

गिटारची मान मोडली तर तिची...?

मग त्याला तारा आठवल्या.

गिटार आणि तारा घेऊन तो मामीसमोर जमिनीवर बसला. रक्ताने निसरड्या झालेल्या बोटांनी सगळ्यात जाड तार चढवली आणि खुंटी पिळत सुटला. मामीचं डोकं थोडं पुढे आलं.

पण तिच्या गळ्यावर लाल वळ उठला.

दुसरी तार. दुसरा वळ. तिसऱ्या तारेला कातडी फाटली, रक्त गळ्यावरून खाली ओघळलं. मामी स्वतःचा गळा नखांनी ओरबाडत होती. तारा आवळल्या तर श्वास जात होता, सैल सोडल्या तर मान. मामा रडत, शिव्या देत, एकेक खुंटी केसभर मागेपुढे करत राहिला.

कधीतरी चावीचा तो कट् कट् आवाज थांबला. मामी धाडकन कोसळली. जिवंत होती.

संध्याकाळी मामाने टकल्याला फोन लावला. "तुझी वहिनी कशी गेली होती रे?"

"जिन्यावरून पडली... असं दादा सांगायचा," एवढंच टकल्या म्हणाला आणि फोन ठेवून दिला. गिटार न्यायला तो आलाच नाही.

ती फेकवत नाही, जाळवत नाही. चारही तारांसकट कपाटात आहे. आणि चावी त्या दुपारपासून सापडलेली नाही. मामा म्हणतो, जिवाच्या भीतीने हिनेच कुठेतरी लपवली असेल.

नवऱ्याला सळो की पळो करून सोडणारी माझी मामी, आता त्याच्याशी भांडतच नाही. तो काहीही बोलला तरी लगेच हो म्हणते. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

परवा मी जेवायला गेलो होतो. तिची हनुवटी जरा वर होती. ताटात बघायला तिला कमरेतून वाकावं लागत होतं. मामा हात धुवायला उठला तसं तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"त्यांच्या खिशात बघ ना रे," ती कुजबुजली. "कालपासून पुन्हा फिरवतायत."

रात्री झोपण्याआधी मामा आंघोळीला गेल्यावर मी सगळे खिसे पाहिले. शर्टाचे, पँटचे, कोटाचे. गिटारची पेटीसुद्धा उलटी केली. चावी कुठंच नव्हती.

मामीला तसं सांगितलं. ती एक पाऊल मागे सरकली...

मग हळूच म्हणाली, "शेवटी तू त्यांचाच भाचा."